रंग न धरणारा बंपर

गाडीचा बंपर सुटा करून उलटा ठेवला, की आतल्या बाजूला साचलेल्या धुळीखाली काही अक्षरं सापडतात. ती छापलेली नसतात, साच्यातूनच उमटलेली असतात. बऱ्याच गाड्यांवर ती साधारण अशी असतात: ‘पीपी + ईपीडीएम - टी २०’. या टी-२०चा क्रिकेटशी काही संबंध नाही. टी म्हणजे टाल्क, आपलं शंखजिरं, अंगाला लावायच्या पावडरीत असतं तेच, आणि २० म्हणजे वजनाच्या वीस टक्के. ईपीडीएम हे एक रबर, दारांच्या कडेच्या मऊ पट्ट्यांमध्ये असतं त्या जातीचं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. थोडक्यात, गाडीच्या तोंडावर आपण जे मिरवतो ते प्लास्टिक, रबर आणि दगडाची भुकटी यांचं मिश्रण असतं. ते पार्किंगच्या खांबाला घासलं, की स्प्रेचा डबा आणून घरीच रंगवावं असं पुष्कळांच्या मनात येतं. काहींचं काम झकास होतं. काहींचा रंग पहिल्याच प्रेशर वॉशमध्ये पोपड्यासारखा सुटून येतो. दोष सहसा हाताला दिला जातो, पण खरं कारण बहुतेक वेळा बंपरच्या पाठीवरच्या त्या ओळीत असतं.

पॉलिप्रॉपिलीन हा मुळात कोणाशी संबंध न ठेवणारा पदार्थ आहे. इटलीत मिलानमध्ये जूलिओ नात्ता यांनी १९५४मध्ये त्याची नीट रांगेत बसलेली साखळी तयार केली आणि १९६३मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही साखळी फक्त कार्बन आणि हायड्रोजनची असते. तिच्यात विद्युतभाराची ओढाताण जवळजवळ नसते, त्यामुळे रंगाच्या रेणूंना पकडायला जागाच सापडत नाही. आता स्वयंपाकघरातला पॉलिप्रॉपिलीनचा डबा आठवा. त्यावर पडलेला हळदीचा डाग काही केल्या जात नाही. म्हणजे ज्या प्लास्टिकवर हळद कायमची बसते, त्यावर गाडीचा महागडा रंग बसत नाही! कारण हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळणारं आहे आणि हे प्लास्टिकही स्वभावाने तेलकट. दोघांचं जमतं. रंगाचं तसं जमत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बंपरच्या आतल्या, न रंगवलेल्या बाजूवर साबण लावून, धुऊन, कोरडं करून पाण्याचा फवारा मारा. पाणी पसरत नाही. त्याचे गोल थेंब होतात आणि ते टपटप सरकून जातात. द्रव पदार्थ पृष्ठभागावर पसरतो तो पृष्ठभागाची ओढ द्रवाच्या स्वतःच्या आतल्या ओढीहून बळकट असेल तरच. मोजमापाच्या भाषेत पाण्याची ही स्वतःची ओढ मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर पॉलिप्रॉपिलीनची जेमतेम ३०. रंग पाण्याइतका हट्टी नसतो. त्याचा आकडा तिसाच्या आसपास येतो, म्हणून तो कसाबसा पसरतो आणि बघणाऱ्याची फसगत होते. पसरला म्हणजे चिकटला असं नाही, हे कळायला महिनाभर जातो.

कारखान्यात यावर जो उपाय करतात तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो. रंगवायच्या आधी बंपरला आग दाखवतात. रोबोच्या हाती गॅसची ज्योत असते आणि ती पृष्ठभागावरून झर्रकन फिरते, कुठेही क्षणाच्या अंशाहून जास्त रेंगाळत नाही. प्लास्टिक वितळायच्या आत वरच्या अगदी पातळ थरातल्या साखळ्यांना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. त्या ऑक्सिजनमुळे रंगाला पकडायला हात मिळतात. मघाचा फवारा या पृष्ठभागावर मारला तर पाण्याचे थेंब होत नाहीत, सलग पापुद्रा पसरतो. डोळ्याला काहीच बदललेलं दिसत नाही, पण पाण्याला ते कळतं.

घरी हा प्रयोग कोणी करू नये. घरासाठी याचा पर्याय डब्यात मिळतो, अधेशन प्रमोटर या नावाने. आपल्याकडे अनेक दुकानदार त्याला नुसतं ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणतात. त्यात बहुधा क्लोरिन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीनच्याच जातीचं रसायन असतं. रेणूचा एक भाग बंपरसारखा, एक भाग रंगाशी जमणारा. सोबतच्या द्रावकाने बंपरचा वरचा थर किंचित फुगतो, बंपरसारखा भाग त्या फुगवट्यात शिरून तिथल्या साखळ्यांमध्ये अडकतो आणि द्रावक उडून गेला की तिथेच राहतो. क्लोरिनवाला भाग वर तोंड काढून रंगाची वाट बघतो. हा थर पारदर्शक आणि अगदी पातळ असतो, तो लावल्याचं दिसतही नाही. म्हणूनच उत्साही माणूस आणखी दोन हात मारतो आणि काम बिघडवतो. प्रमोटर जाड झाला की तोच कच्चा दुवा होतो.

दोन गोष्टी इथे सांगून टाकतो. बंपरवर कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल आणि ओरखडा वरवरचा असेल, तर प्लास्टिक उघडं पडलेलंच नसतं. मग प्रमोटरची गरज नाही, जुना रंग घासून खरखरीत करणं पुरतं. दुसरी गोष्ट म्हणजे आरशाचं कव्हर किंवा दुचाकीचं पॅनल रंगवून छान जमलं होतं, हा अनुभव बंपरला लावू नका. ते भाग अनेकदा एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. एबीएस रंगाला सहज धरतं. दोन्ही प्लास्टिकं काळी, दोन्ही गुळगुळीत, दिसायला सख्खी भावंडं. फरक कळतो तो पाठीवरच्या अक्षरांतूनच.

बंपर रंगवायची ही भानगड तशी फार जुनी नाही. प्रीमिअर पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरचे बंपर पोलादी होते, वर क्रोमचा मुलामा. ठोकलं तर ठोकून सरळ करायचं. अमेरिकेत पाँटिअॅकने १९६८च्या जीटीओ गाडीला पुढून गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर दिला आणि तो किती सोसतो हे दाखवायला जाहिरातीत त्यावर पहारीचे घाव घातले. आपल्याकडे कितीतरी मारुती ८०० काळ्या, न रंगवलेल्या बंपरने आयुष्यभर फिरल्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही. ऊन खाऊन ते बंपर करडे पडायचे एवढंच. बंपर गाडीच्याच रंगाचा हवा ही हौस नंतरची, आणि बंपरचं काम मुळात धक्का खाण्याचं असताना त्याला सगळ्यात नाजूक कपडे घालायचं ठरलं हे मला आजही अजब वाटतं.

त्या हौसेतून एक कायमची अडचण आली. गाडीचा पोलादी सांगाडा रंगाच्या पिंपात बुडवून भट्टीत भाजतात. पहिल्या थराची भट्टी १६० ते १८० अंश सेल्सिअसची असते, वरच्या रंगाची १४०च्या आसपास. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी वाकायला लागतं. म्हणून बंपर वेगळा रंगवतात. अनेकदा वेगळ्याच कारखान्यात, वेगळा, कमी तापमानावर सुकणारा रंग घेऊन, ८० अंशांच्या आसपास. शोरूममधून नुकत्याच निघालेल्या चंदेरी गाडीकडे तिरक्या उन्हात नीट पाहा. फेंडर आणि बंपर यांच्या छटेत किंचित फरक सापडायची बरीच शक्यता आहे. तेव्हा स्प्रेच्या डब्याला शंभर टक्के रंग जुळवायला सांगताना एवढं ध्यानात असू द्यावं, की ते करोडोंच्या कारखान्यालाही नेहमी जमत नाही.

आता त्या डब्याकडे येऊ. डबा हलवला की आत टकटक वाजते ती काचेची किंवा पोलादाची गोळी. तळाशी बसलेला रंग ती ढवळते. बाकी सगळी करामत आहे ती त्यातल्या वायूची. एरिक रोथाइम या नॉर्वेजियन अभियंत्याने १९२०च्या दशकात अशा डब्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात ही युक्ती कामी आली. लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन या अमेरिकी कृषिखात्यातल्या शास्त्रज्ञांनी १९४१च्या सुमारास डासांवर मारायचा फवारा डब्यात भरला आणि मलेरियाने बेजार झालेल्या सैनिकांना तो मिळाला. त्यात रंग भरायचं सुचलं ते १९४९मध्ये, इलिनॉयमधल्या सिकमोर गावी रंगाचा धंदा करणाऱ्या एडवर्ड सीमोर यांना. खरं तर सुचवलं त्यांच्या पत्नीने, बॉनी यांनी. खोल्या उबदार ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरांसाठीचा अॅल्युमिनिअमचा रंग गिऱ्हाइकांना मारून दाखवायचा होता. म्हणजे स्प्रेच्या डब्यातून निघालेला तो पहिला रंगही चंदेरीच होता.

आजच्या बहुतेक रंगांच्या डब्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला वायू तो हाच. पूर्वी सीएफसी वापरत. त्याने ओझोनचा थर विरतो असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४मध्ये दिला आणि १९८७च्या माँट्रिअल करारानंतर सीएफसीची हकालपट्टी झाली. ओझोन वाचला, पण डब्यात न पेटणाऱ्या वायूच्या जागी पेटणारा आला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. बंद गॅरेज किंवा तळघरातलं पार्किंग हे रंगकामाला म्हणूनच वाईट. घराच्या गॅलरीत काम करणाऱ्याने आतल्या देवघरातला दिवा विझला आहे ना हे बघावं, आणि गॅसचा पायलटही.

डब्यात हवाच दाबून भरली असती तर काय झालं असतं? अर्धा रंग संपेपर्यंत दाब बराच उतरला असता आणि फवाऱ्याच्या जागी पिचकारी उडाली असती. प्रोपेन-ब्युटेन दाबाखाली द्रव होऊन रंगातच मिसळलेले असतात. वर मोकळी जागा झाली की द्रवातला थोडा भाग उकळून वायू होतो आणि दाब होता तिथे येतो. जोवर थेंबभर द्रव शिल्लक आहे, तोवर दाब ठरतो फक्त तापमानावर, डबा किती भरला आहे यावर नाही. खोलीच्या तापमानाला तो साधारण तीन ते पाच वातावरणदाबांइतका असतो. पहिला फवारा आणि शेवटचा फवारा सारखाच येतो, तो या एका गुणामुळे.

पण उकळायला उष्णता लागते आणि ती येते डब्यातल्या रंगातूनच. सलग फवारत राहिलात तर डबा हाताला गार लागतो, दाब उतरतो, थेंब जाड होतात. कसलेला माणूस म्हणून दोन डबे आळीपाळीने वापरतो. थंडीच्या सकाळी कोणी डबा कोमट पाण्यात ठेवतात, तेही याच कारणाने. कोमट म्हणजे कोमटच, कारण डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि ते गंमत म्हणून लिहिलेलं नसतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो डबा विसरायचा नाही, हेही त्यातच आलं.

नोझलमधून बाहेर पडताक्षणी रंगात विरघळलेला वायू एकदम मोकळा होतो. द्रवाचा वायू होताना आकारमान सुमारे अडीचशे पट वाढतं. रंगाची धार आतूनच फुटते आणि तिचे केसाहून बारीक थेंब होतात. कंप्रेसर नाही, स्प्रे गन नाही, एक बोट दाबून हे होतं. थेंब उडत असतानाच त्यातला द्रावक हवेत जायला लागतो. थेंबाचा व्यास निम्मा असेल तर तो चौपट लवकर सुकतो. डब्यावर २० ते २५ सेंटिमीटर अंतर सांगितलेलं असतं, म्हणजे साधारण एक वीत. हात फार लांब गेला तर थेंब वाटेतच सुकून बंपरवर रवाळ भुकटीसारखे बसतात. फार जवळ आला तर ओला रंग ढीगभर पडतो आणि ओघळतो.

ओघळांचं गणित मात्र थांबून बघण्यासारखं आहे. उभ्या पृष्ठभागावरून खाली वाहणाऱ्या रंगाचं प्रमाण थराच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतं. जाडी दुप्पट झाली तर वाहणारा रंग दुप्पट होत नाही, आठपट होतो. तिप्पट जाडी, सत्तावीसपट ओघळ. म्हणून एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात मारा असं प्रत्येक पेंटर सांगतो. मधे आठ-दहा मिनिटं थांबलं की आधीचा थर घट्ट होतो आणि वाहण्याइतका ओला राहत नाही.

मग अगदी पातळ हात मारत गेलं म्हणजे झालं? तसं नाही, आणि इथेच खरी मेख आहे. थेंब पडून झालेला खडबडीतपणा सपाट होतो तो रंगाच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे आधी पाहिलेल्या त्याच्या आतल्या ओढीमुळे. हे सपाट होणंही जाडीच्या घनावरच अवलंबून आहे! थर निम्मा केला तर सपाट व्हायला आठपट वेळ लागतो. तेवढ्यात रंग सुकून जातो आणि मागे राहते ती संत्र्याची साल. एकच नियम ओघळही घडवतो आणि तकाकीही. पेंटरचा हात ज्या फटीतून चालतो ती फट या दोन आठपटांमधली आहे. शिवाय सपाट व्हायला लागणारा वेळ उंचवट्याच्या रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतो. दुप्पट रुंद उंचवटा जिरायला सोळापट वेळ. बारीक थेंबांची बारीक खरखर पाहता पाहता मिटते, पण जाड थेंबांनी केलेले पसरट उंचवटे तसेच राहतात. गार पडलेल्या डब्याने मारलेल्या हाताला संत्र्याची साल जास्त का येते, ते यावरून कळतं.

सुकणारा रंग आपल्याला स्वस्थ वाटतो, पण त्याच्या आत बरीच धावपळ चालू असते. द्रावक उडताना वरचा थर गार होतो, त्याचा पृष्ठताण बदलतो आणि द्रव जिथे ताण कमी तिथून जिथे जास्त तिकडे ओढला जातो. पाव्हिया विद्यापीठातल्या कार्लो मारांगोनी यांनी १८६५मध्ये या ओढीचा अभ्यास केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पातळ थरात यातून षटकोनी घरांची नक्षी उठते. अशी नक्षी फ्रान्सच्या आंरी बेनार यांनी १९००च्या सुमारास प्रयोगात पाहिली होती आणि पुढे अर्धं शतक सगळे मानत आले, की तळचा गरम द्रव हलका होऊन वर येतो म्हणून ती उठते. जे. आर. ए. पिअर्सन यांनी १९५८मध्ये हे कोडं सोडवलं. त्यात सुकणाऱ्या रंगाची साक्ष कामी आली. छताला लावलेल्या, म्हणजे उलट्या टांगलेल्या रंगाच्या थरातही ती घरं उमटतात. हलकं ते वर येतं हे कारण असतं, तर छतावर ती उमटायलाच नको होती. पृष्ठताणाला मात्र वर-खाली सारखंच.

याच ओढीचा त्रासदायक अवतार म्हणजे फिश-आय. चकचकीत रंगात मधेच बारीक खड्डा पडतो, त्याच्या तळाशी खालचा थर डोळ्यासारखा दिसतो. कारण असतं सिलिकोन. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या पॉलिशमध्ये ते असतं आणि त्याचा पृष्ठताण इतका कमी, की सूक्ष्म कण पडला तरी रंग त्याच्यापासून चारही बाजूंना पळ काढतो. घासण्याआधी साबणाने धुवा, मग डीग्रीझरने पुसा, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर हातात घ्या, असा क्रम सांगतात तो यासाठी. उलट केलं तर कागद तेच सिलिकोन ओरखड्यांमध्ये रगडून बसवतो. कोरड्या फडक्याने जोरात पुसायचंही टाळावं. प्लास्टिकवर स्थिर वीज जमते आणि मग बंपर आसपासची धूळ स्वतःहून बोलावून घेतो.

चंदेरी किंवा मेटॅलिक रंगात काम आणखी अवघड. या रंगात अॅल्युमिनिअमच्या चकत्या असतात. १० ते ३० मायक्रॉन रुंद, जाडी मात्र एका मायक्रॉनहून कमी. फवारलेल्या थरात त्या कशाही पडलेल्या असतात. द्रावक उडतो, थर आपल्या मूळ जाडीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली बसतो आणि चकत्यांना आडवं पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आडव्या चकत्या समोरून आरशासारख्या उजळ दिसतात आणि कडेने गडद. हात ओला पडला तर चकत्यांना तरंगायला वेळ मिळतो, काही कडेवर उभ्या राहतात आणि रंग गडद होतो. हात कोरडा पडला तर त्या पडल्या तशा सपाट चिकटतात, रंग फिका. डबा तोच, रंगाचा कोड तोच, फक्त हात फिरवायचा वेग वेगळा आणि छटा दोन! मारुतीच्या साध्या पांढऱ्या ‘सुपिरिअर व्हाइट’ला, म्हणजे कोड २६ यू, ही डोकेदुखी नाही. तिथे चकत्याच नाहीत. पहिल्यांदा हात घालणाऱ्याची गाडी पांढरी असेल तर तो नशीबवान.

मेटॅलिकच्या या दोन छटांवर उपाय कार्डावर. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आधी रंग मारून, त्यावर पारदर्शक क्लिअर कोटही मारून, सुकल्यावर तो गाडीला लावून समोरून आणि तिरका, दोन्हीकडून पाहावा. तोही उन्हात. पार्किंगच्या एलईडीखाली जुळलेला रंग बाहेर येताच वेगळा दिसू शकतो. डोळ्याला छटेतला फरक सगळ्यात जास्त कळतो तो दोन रंग एकमेकांना चिकटून असतील तेव्हा. बंपर आणि फेंडर यांच्यामधली काळी फट इथे आपल्या मदतीला येते. म्हणून माझं मत असं, की मेटॅलिक गाडीत ठिगळ मारत बसू नये, अख्खा बंपर किंवा निदान घडीच्या रेषेपर्यंतचा पूर्ण भाग रंगवावा. आणि या निमित्ताने गाडीचा रंगच बदलू म्हणणाऱ्यांनी आधी आरटीओची पायरी चढावी, कारण आरसीवर रंगाची नोंद असते.

हवामानाकडे कानाडोळा करून चालत नाही. जुलैतल्या मुंबईची कल्पना करा. हवा २८-२९ अंश, दवबिंदू २५-२६. म्हणजे बंपरचा पृष्ठभाग अवघा तीन-चार अंश गार झाला, की हवेतलं पाणी त्यावर जमायला लागतं. आणि उडणारा द्रावक पृष्ठभागाला तेवढा गार सहज करतो. ओल्या थरात पाण्याचे सूक्ष्म कण अडकतात, रंगातली राळ तिथे नीट बसत नाही, प्रकाश विखुरतो आणि काळाभोर रंग दुधाळ दिसायला लागतो. ढग पांढरे दिसतात त्याचंही मूळ हेच. पेंटर याला ब्लशिंग म्हणतात. याच्या उलट टोक नागपूरचा मे. तिथे थेंब बंपरपर्यंत ओले पोचले तरी पुष्कळ. उन्हात तापलेल्या गाडीवर तर नकोच. घरी रंगवणाऱ्याला महाराष्ट्रात सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा, सकाळचं दव उडून गेल्यावर, वारा सुटायच्या आत.

शेवटचा थर क्लिअर कोटचा. तो दोन जातींचा मिळतो. साधा, एका घटकाचा, नुसता द्रावक उडून सुकतो. त्यात रासायनिक बदल काहीच होत नाही, म्हणून कालांतराने टाकी भरताना सांडलेल्या पेट्रोलनेही तो मऊ पडू शकतो. दुसरा दोन घटकांचा, त्याला टू-के म्हणतात. याच्या डब्याच्या बुडाशी एक कळ असते. ती दाबली की आतली कुपी फुटते, हार्डनर मिसळतो आणि पॉलियुरेथेनची जाळी विणायला सुरुवात होते. ओटो बायर यांनी जर्मनीत १९३७मध्ये शोधलेली ही रसायनक्रिया. एकदा कळ दाबली की परत फिरणं नाही, एक-दोन दिवसांत डबा आतून घट्ट होतो. टिकाऊपणात याला तोड नाही, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली पसरलेला वायू याच घराण्यातला. हार्डनरमधलं रसायन त्याच्यासारखं झटकन हवेत उडत नाही, पण फवारा मारताना त्याचे थेंब श्वासात जातात आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा करोनाकाळातला उरलेला मास्क लावून हे काम करणारे खूप दिसतात. कापडाने वाफ अडत नाही. कार्ट्रिजवाला मास्क, हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि मोकळी हवा जमत नसेल, तर साध्या क्लिअरवर समाधान मानावं किंवा तो शेवटचा हात गॅरेजमधून मारून घ्यावा.

क्लिअर पुरता घट्ट झाल्यावर उरलेली संत्र्याची साल २००० नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी घेऊन, घासून काढतात. चकचकीत बंपर त्या क्षणी पार मळकट, पांढुरका होतो आणि नवख्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात साल जाऊन तिथे फक्त बारीक ओरखडे आलेले असतात. दृश्य प्रकाशाच्या लहरी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या. ओरखडे या मापाहून मोठे असतील तोवर प्रकाश विखुरतो. रबिंग कंपाउंडचे कण ते झिजवत त्या मापाच्या खाली नेतात आणि मग प्रकाशाला ते दिसेनासे होतात. ओरखडे नाहीसे होत नाहीत, प्रकाशाच्या लहरीला जाणवण्याइतके मोठे राहत नाहीत, आणि तकाकी परत येते.

कंपाउंड मारताना बंपरच्या कडा आणि घडीच्या रेषा यांच्यावर मास्किंग टेप लावून ठेवा. ओला रंग पृष्ठताणामुळे टोकदार कडेपासून दोन्ही बाजूंना मागे सरकतो, त्यामुळे कडेवरचा थर नेहमीच सगळ्यात पातळ असतो. सपाट भागाला सहज सोसेल एवढी घासणी तिथे क्लिअर पार करून थेट प्रायमरपर्यंत पोचते.